पुठ्ठा

म्स्यू ग्रातोंना बोलून पटवणं मला जमलं नसतं.
सत्तावीस वर्षं सोन्याच्या खाणीत
माणसांचा पिंजरा खाली सोडला, वर ओढला,
त्यांना वंगण म्हणजे काय ते मी सांगायचं?

म्हणून जानेवारीतल्या एका रात्री
गॅरेजच्या मागच्या पायरीवर दोन बाटल्या ठेवल्या.
एकीत त्यांचं नेहमीचं, दुसरीत सिंथेटिक.
टिमिन्समध्ये त्या रात्री वजा अडतीस होतं.

सकाळी त्यांच्यासमोर दोन्ही कलत्या केल्या.
त्यांचं तेल आधी हललंच नाही,
मग काकवीसारखं
कडेकडेनं सरकलं,
जेवून सुस्तावलेल्या पाव्हण्यानं
निघायचं म्हणून उठावं तसं.
दुसरं सरळ धार धरून आलं.

ते बघत राहिले पहिल्या बाटलीकडेच.
"म्हणजे इतके हिवाळे
सुरुवातीला बिचारी कोरडीच फिरत होती."
बिचारी म्हणजे ब्युइक, चौऱ्याण्णवची,
दाराला एक वेगळा निळा.

दर पाच हजारांना ते स्वतःच खाली शिरायचे.
आता एक्याऐंशीव्या वर्षी
शिरता येतं, बाहेर निघता येत नाही.
गेल्या खेपेला शेजारच्या ओरिसिया हाल्युकनं
पाय धरून ओढून काढलं.
हे सांगताना हसले नाहीत,
म्हणून मीही नाही.

"हे किती चालतं?"
सोळा हजार किलोमीटर, नाहीतर एक वर्ष.
जे आधी येईल ते.
"मी फिरतो वर्षाला तीन हजार."
मग वर्षच आधी येईल, मी म्हटलं.
"बघू," म्हणाले, "कोण आधी येतं."

नट सोडला. काळं तेल पडत राहिलं,
शेवटी तार, मग थेंब, मग बराच वेळ एकच थेंब.
नवा फिल्टर बसवला, कडेला बोटानं तेल लावून.
सांगून ठेवलं: जुनं इंजिन आहे,
आतली मळी धुऊन निघाली
तर कुठून तरी पाझरेल.
त्यांनी मान हलवली. ऐकू आलं असेलच असं नाही.

मंगळवारी सात वाजता ओरिसियाचा फोन.
अकरा वर्षं ती त्या गाडीच्या कण्हण्यानं उठते,
सातदा घर्र, आठव्यांदा पेटते,
तोवर हिची किटली गॅसवर.
आज काहीच नाही.
बूट चढवून, गाऊनवरच कोट घालून ती अंगणात गेली
तर माणूस नाही, गाडी नाही,
बर्फात चाकांच्या दोन रेघा.
"एकाच झटक्यात चालू झाली असेल," मी म्हटलं.
"अगं पण मला कसं कळणार," ती ओरडली,
"आवाज न करता निघून जातो का कुणी?"

ते पाव आणायला गेले होते.

तेव्हापासून निघताना एकदा हॉर्न वाजवतात.
बाकीची गल्ली मला शिव्या घालते.

तीन आठवड्यांनी ते आले, काखेत पुठ्ठा.
काउंटरवर ठेवला, एक्स-रे दाखवावा तसा.
मधोमध ठिपका, मधाच्या रंगाचा,
नाण्याएवढा. खाली पेन्सिलीनं तारीख.

मी सांगितलं: क्रँकचं मागचं सील.
फट तेलानं पाडली नाही, ती होतीच,
मळीनं बुजवून धरली होती इतके दिवस.
"मळीनं," ते म्हणाले.
मग सीलचा खर्च विचारला,
मग गाडीची किंमत विचारली,
मग टोपी घातली.
परत जुनं तेल घालू का?
"छे. आता चालू होते ना बिचारी."

दर शुक्रवारी नवा पुठ्ठा.
धान्याच्या खोक्याचा, बुटांच्या खोक्याचा,
एकदा ओरिसियाच्या केकचा, कडेला साखर तशीच.
नऊ झाले. मागच्या फळीवर आहेत,
टाकून द्यायला हात उचलत नाही.

एप्रिलमध्ये ठिपका लहान झाला.
सील फुगलं असेल, थंडी सरली म्हणून असेल,
मला नक्की सांगता येत नाही.
त्यांनी विचारलंही नाही.
पुठ्ठा उलटा करून बघितला,
ही बाजू कोरीच आहे म्हणाले,
आणि तो परत घेऊन गेले.